अण्णांची सनाबिसची वही

तुम्ही वडिलांना 'अरे बाबा' म्हणता की 'अहो बाबा'? विचारायचं कारण असं, की आमच्या घराण्यात याचं उत्तर एक नाही. माझ्या आतेभावंडांचे वडील चिपळूणला एसटीत होते. रोज संध्याकाळी घरी यायचे, आणि ती भावंडं त्यांना बिनदिक्कत 'अरे पप्पा' म्हणत. आमचे अण्णा बहरीनला होते. त्यांना मी आणि माझा भाऊ कायम 'अहो' म्हणत आलो. आईने तसं शिकवलं नव्हतं, अण्णांनी तर नाहीच. पण दोन वर्षांतून एकदा दोन महिने येणाऱ्या माणसाला तोंडातून 'अरे' निघत नाही.

माझा जन्म १९८९ चा. मी अठरा वर्षांची होऊन पुण्याला शिकायला गेले तोवर अण्णांच्या नऊ सुट्ट्या झाल्या होत्या. म्हणजे अठरा वर्षांत अठरा महिने. अशी मोजणी करायची मला सवय आहे, कारण हिंदी महासागरातल्या खलाशांची आणि व्यापाऱ्यांची देणीघेणी हाच माझ्या पीएच.डी.चा विषय होता, आणि आता युरोपातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करतानाही तेच चाललं आहे. गेल्या हिवाळ्यात मुंबईहून परतताना बहरीनला विमान बदलायचं होतं. तिथला मुक्काम मी दोन दिवसांनी वाढवला. मला सनाबिस बघायचं होतं. बॅगेत अण्णांची हिशेबाची वही होती.

सनाबिस म्हणजे मनामा शहराला पश्चिमेकडून लागलेली वस्ती. टॅक्सीवाल्याला नुसतं 'सनाबिस' म्हटलं तर तो विचारतो, दाना मॉल की एक्झिबिशन सेंटर? एकेकाळी हे समुद्रकाठचं गाव होतं. खजुराच्या बागा, मासेमारी आणि उन्हाळ्यात मोती. आता समुद्र गावापासून लांब गेला आहे, म्हणजे माणसांनीच भराव टाकून तो लांब ढकलला आहे आणि त्या भरावावर सीफचे मनोरे उभे आहेत. जुन्या गावाच्या गल्ल्या मात्र अजून अरुंद आहेत. कोपऱ्याकोपऱ्यावर वाणसामानाचं छोटं दुकान असतं, त्याला बहरीनमध्ये 'कोल्ड स्टोअर' म्हणतात. अण्णांच्या वहीत पानोपानी 'को. स्टो.' असं लिहिलेलं आहे. मला बरेच दिवस ते कुणा माणसाचं नाव वाटायचं.

या गल्ल्यांतल्या एका खोलीत अण्णा १९८४ ते २०१० राहिले. म्हणजे खोल्या दोन-तीनदा बदलल्या, पण वस्ती हीच. खोलीत सहा जण. काम एसी मेकॅनिकचं, एका ठेकेदाराकडे. पासपोर्ट त्या ठेकेदाराच्या कपाटात, आणि सुट्टी कधी द्यायची तेही तोच ठरवणार. त्या काळात आखातात याचं कुणाला आश्चर्य वाटत नसे.

१९८४ च का, तर त्याआधी १९८२ होतं. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येतो. बाई-मुलं गावी, बाप्या मुंबईत. गावकीची खोली, खानावळीचं जेवण, महिन्याची मनीऑर्डर, शिमग्याला आणि गणपतीला चार दिवस घर. आमच्या आजोबांची हयात अशीच गेली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. आजोबा एक ट्रंक घेऊन गावी आले. अण्णा तेव्हा पंचविशीचे, आयटीआय झालेले. गिरणीत चिकटण्याचा त्यांचा रस्ता बंद झाला होता. १९८३ मध्ये परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांचा नवा कायदा झाला, मुंबईत एजंटांच्या कचेऱ्या भरभराटीला आल्या होत्या. मेडिकल, ट्रेड टेस्ट, एजंटाचे पैसे. वहीतली पहिली नोंद आईच्या गहाण टाकलेल्या पाटल्यांची आहे.

हे मुद्दाम सांगते आहे. अण्णा घरी नव्हते ही गोष्ट मी लहानपणी त्यांच्या स्वभावात जमा करत असे. त्यांना तिकडेच आवडतं, असं मी मैत्रिणींना सांगायचे. पण अण्णा स्वतःही मनीऑर्डरवर वाढलेले मूल होते. बाप म्हणजे सणाला येणारा माणूस, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. परळचं बहरीन झालं, चार दिवसांचे दोन महिने झाले. एका अर्थी सुधारणाच म्हणायची.

आपल्याकडे आखात म्हणजे १९७३ नंतरचा तेलाचा पैसा, अशी समजूत आहे. बहरीनचा आणि मुंबईचा संबंध त्याच्या खूप आधीचा. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. तिथे चलन आपला रुपया होता. सोन्याची चोरटी आयात रोखायला १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, त्याही तिथे चालल्या. १९६५ मध्ये दिनार आला तो एकास दहा रुपये या दराने. आणि बहरीन स्वतंत्र झालं १५ ऑगस्टलाच, १९७१ साली.

पण सनाबिससारख्या गावांचं जुनं आयुष्य कळायला मोती काढणाऱ्यांकडे बघावं लागतं. उन्हाळ्याचे चार महिने गावातले धडधाकट पुरुष होड्यांवर जात. होडीचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोकणातला नाखवा हा त्याच शब्दाचा भाऊ. मोसमाआधी नाखुदा घरखर्चासाठी उचल देई. मोसम संपला की मोत्यांच्या वाट्यातून ती वळती व्हायची, पण बहुतेकदा पुरी वळती व्हायचीच नाही. पाणबुड्याला लिहितावाचता येत नसे, हिशेब नाखुदाकडे. मग पुढची उचल, वर मागची बाकी. आणि बाप मेला की ती बाकी मुलावर यायची. मुलाने त्याच नाखुदाच्या होडीवर जाऊन ती फेडायची. बापाची ओळख पुरती व्हायच्या आत मुलाच्या हाती त्याचं कर्ज पडत असे.

१९२० च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने बहरीनमध्ये यात सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याला त्याची स्वतःची हिशेबाची वही द्यायची, तिच्यात देणंघेणं लिहायचं, आणि बापाचं कर्ज मुलावर लादायचं नाही. वाचायला किती चांगलं वाटतं ना? पण त्याबरोबर उचलही आटली, जपानी कल्चर्ड मोत्यांनी बाजार बसला, आणि १९३२ मध्ये पाणबुड्यांनीच दंगा केला. त्यांना कोऱ्या वहीपेक्षा घरात आत्ता लागणारे पैसे महत्त्वाचे होते. त्याच वर्षी बहरीनला तेल लागलं.

हे सगळं मी प्रबंधासाठी कागदपत्रांत वाचलं, त्यावर दोन प्रकरणं लिहिली, परिषदेत निबंध वाचला. तेव्हा माझ्या डोक्यात अण्णा नव्हते. खरंच नव्हते. बहरीन हे माझ्या वडिलांच्या नोकरीचं ठिकाण आणि बहरीन हे माझ्या प्रबंधातलं बंदर, ही दोन बहरीनं माझ्यापुरती वेगळी होती. आता सांगताना कानकोंडं वाटतं.

ती एकत्र आली ती पुरामुळे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला. त्या वर्षी करोनामुळे मी डिसेंबरात घरी पोचले. आई अजून कागद वाळवत होती. रेशनकार्ड, एलआयसी, आमची प्रगतिपुस्तकं, आणि एकमेकींना चिकटलेल्या चार जाड वह्या. त्यातल्या तीन गेल्या. एकीची निम्मीअधिक पानं वाचता येत होती. वर दिनार, मध्ये फिल्स, शेवटी महिन्याची बेरीज. माझं कामच असल्या वह्या वाचायचं, तेव्हा मी बसले.

अण्णांची पत्रं आईने जपून ठेवली होती, ती माळ्यावर असल्याने वाचली. पत्रांत काय असतं ते तुमच्यापैकी ज्यांचे वडील बाहेर होते त्यांना सांगायला नको. 'इकडे सर्व ठीक आहे. काळजी नसावी. ड्राफ्ट पाठवला आहे, मिळाल्याचे कळवणे. मुलांनी अभ्यास करावा.' आणि आमच्याकडून जाणारी पत्रं? मीही काही वेगळं लिहीत नव्हते. चार ओळी अभ्यासाच्या आणि खाली यादी. कॅसिओचं घड्याळ, रंगीत पेन्सिली, चॉकलेटं, भावाला बूट.

जानेवारी १९९१ चं पत्र तसंच आहे, सर्व ठीक. वहीत त्याच आठवड्यात 'को. स्टो.'च्या नावाखाली अशी नोंद आहे : चिकटपट्टी चार, बॅटरीचे सेल, मेणबत्त्या, दूध पावडर, तांदूळ दहा किलो. १७ जानेवारीला आखाती युद्ध पेटलं. बहरीनच्या तळावरून विमानं उडत होती, सद्दाम रासायनिक क्षेपणास्त्रं सोडेल या भीतीने लोक खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद करत होते. मी तेव्हा दोन वर्षांचीसुद्धा नव्हते. आईला ही गोष्ट माझ्याबरोबर तीस वर्षांनी कळली. ती वही हातात धरून म्हणाली, "मला कुठे सांगितलंत?" अण्णा टीव्ही बघत होते. "सांगून काय झालं असतं?" एवढंच म्हणाले.

पुढे त्याच वर्षीच्या जुलैत एका दिनाराला मिळणारे रुपये एकदम दहाबारांनी वाढलेले दिसतात. रुपयाचं अवमूल्यन. आपण अर्थव्यवस्थेच्या इतिहासात ते देशावरचं संकट म्हणून शिकतो. आमच्या घरी त्या वर्षी कौलं उतरली आणि स्लॅब पडला.

दापोलीकडची माझी एक मैत्रीण आहे. तिचे अब्बा कुवेतला ड्रायव्हर होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, आणि तिथल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं गेलं. तिचे अब्बा एका पिशवीनिशी घरी आले. नोकरी गेली, पगार बुडाला, घरात रोज चिंता. आणि ती सांगते, की माझ्या लहानपणातलं सगळ्यात सुखाचं वर्ष ते. अब्बा रोज शाळेत सोडायचे. ते पुन्हा सौदीला गेले तेव्हा ती आठवड्याभर जेवली नव्हती. ही गोष्ट तिने अब्बांना कधी सांगितलेली नाही. त्यांच्या दृष्टीने ते वर्ष नामुष्कीचं. मुलीला त्याच वर्षाचा आनंद झाला हे त्यांना कसं सांगायचं?

याच्या उलट बाजूची माणसंही मला युरोपात भेटली. त्यांचे वडील बहरीनमध्ये इंजिनिअर, अकाउंटंट. बायकामुलांना तिकडे आणायचं तर पगार अमुक इतका हवा ही अट असते, आणि तो त्यांना होता. ही मुलं तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली. ती शाळा १९५० पासून आहे. त्यांचे वडील रोज घरी यायचे. त्यांच्याशी बोलताना मला पहिल्यांदा थोडा हेवा वाटला. मग त्यातला एक म्हणाला, की बाबांची नोकरी गेली तर महिन्याभरात देश सोडावा लागणार हे आम्हाला पाचवीतच माहीत होतं, म्हणून बाबांशी भांडायची कधी हिंमतच झाली नाही. 'अहो' म्हणायला दोन हजार किलोमीटर लागतातच असं नाही.

वडिलांबद्दल मोठ्या झालेल्या मुलांनी लिहिणं मराठीत नवीन नाही. त्यात नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' हे १९९३ चं पुस्तक तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल. त्याबद्दल एकच गोष्ट मला इथे बोलायची आहे. ओझरहून मुंबईला आलेले, आधी रेल्वेत आणि मग पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेले दामोदर रुंजाजी जाधव यांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी स्वतः लिहून काढल्या, त्या मुलाने मागे लागून लिहायला लावल्या म्हणून. वडील १९८९ मध्ये गेले आणि पुस्तक त्यानंतर आलं. पुस्तकाच्या नावात 'आम्ही' आहेत, पण बाप आधी आहे, आणि तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. हे पुस्तक वाचून मीही अण्णांच्या मागे लागले. फोनचा रेकॉर्डर सुरू करून विचारलं, "अण्णा, बहरीनबद्दल सांगा." तीन मिनिटांची फीत आहे माझ्याकडे. काम केलं, पैसे पाठवले, परत आलो. मग 'बंद कर ते' असं म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी मी नुसती वही त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, हे चाळीस फिल्स कसले? ते दोन तास बोलले. चाळीस फिल्स खुबूसचे. खुबूस आणायची पाळी कुणाची यावरून एकाशी अबोला झाला होता, तो उत्तर प्रदेशचा, पुढे त्याच्याच बहिणीच्या लग्नाला सगळ्या खोलीने पैसे काढले, हे बघ, ही ती नोंद. शुक्रवारी फोनच्या बूथवर रांग असायची, आपला नंबर येईपर्यंत शेजाऱ्यांकडे तुम्ही झोपलेले असायचे. एक्झिबिशन सेंटरच्या डक्टचं काम आम्ही केलं, वर चढलं की पन्नास डिग्री. तुमच्याकडेही अशी एखादी वही, पासबुक, पावत्यांची पिशवी असेल तर ती पुढ्यात ठेवून बघा. आठवणी सांगा म्हटलं की ही माणसं गप्प होतात.

वहीतलं एक पान मात्र त्यांनी पटकन उलटलं. मी ते रात्री परत काढलं. २००६ च्या सुट्टीतलं आहे, चिपळुणातच लिहिलेलं, कारण हिशेब रुपयांत आहे. 'दुकान' असा मथळा. खाली : गाळा डिपॉझिट, भाडे, गॅस सिलेंडर, गेज, व्हॅक्यूम पंप, पाटी. बेरीज केलेली, आणि मग सगळ्या पानावर तिरकी रेघ.

ते परत जाणार नव्हते. चिपळुणात एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकणार होते. त्याच सुट्टीत मी बारावीनंतर पुण्यालाच जाणार म्हणून हटून बसले होते, आणि रत्नागिरीच्या कॉलेजात काय वाईट आहे असं त्यांनी विचारल्यावर म्हणाले होते, "तुम्हाला इथलं काय माहीत आहे?" माझं हे वाक्य मला चांगलं आठवतं, कारण ते बोलल्यावर कुणीच काही बोललं नव्हतं. जून २००७ पासून वहीत दर महिन्याला एक ओळ आहे : 'पुणे – फी, मेस.' चार वर्षं त्यांनी आणखी काढली.

सनाबिसच्या पाणबुड्याच्या मुलाला निदान बाकी किती ते सांगितलं जायचं. मला सांगितलंच गेलं नाही. मी विचारलंही नाही, हेही खरं. आणि आता कळल्यावर अण्णांना त्याबद्दल काही म्हणावं, तर ते म्हणतील, "दुकान चाललंच असतं कशावरून?" म्हणून अजून म्हटलेलं नाही. हे लिहिते आहे ते कदाचित माझा भाऊ त्यांना वाचून दाखवेल.

सनाबिसला मी अण्णांचा एक फोटो घेऊन गेले होते. १९८७ चा. पांढरी पँट, गॉगल, मागे पर्ल राउंडअबाउटचं उंच शिल्प : आखाती देशांच्या १९८२ च्या परिषदेसाठी उभारलेलं, सहा देशांची सहा शिडं आणि वर तोललेला मोती. आमच्या घरी हा फोटो हॉलमध्ये होता, त्यामुळे बहरीन म्हणजे तो मोती असंच आम्हाला वाटे. मी टॅक्सीवाल्याला फोटो दाखवला. त्याने बघितला आणि काही न बोलता परत दिला. २०११ मध्ये त्या चौकात सरकारविरोधी आंदोलन झालं, आणि १८ मार्चला ते शिल्प पाडलं गेलं. पाडताना तुकडा कोसळून क्रेन चालवणारा मेला. तोही बाहेरून कामाला आलेला, पाकिस्तानी. आज तिथे सिग्नलचा चौक आहे. अण्णा आदल्याच वर्षी परतले होते, ही बातमी त्यांनी चिपळुणात टीव्हीवर पाहिली. तेव्हा काय वाटलं ते मी त्यांना विचारलं नव्हतं.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. "कुठे आहेस?" म्हणाले. सनाबिस म्हटल्यावर आईला हाक मारली. मग मला म्हणाले, कॅमेरा फिरव. मी गल्लीत शिरले. अण्णा चिपळुणातल्या खुर्चीत बसून मला वळवत होते. डावीकडे घे. इथे मशीद दिसायला हवी. दिसली? आता सरळ. हे घर नवीन आहे, इथे मोकळं होतं. कोपऱ्यावर को. स्टो. असेल बघ.

होतं. पाटी बदललेली, आत मल्याळी मुलगा. खोलीची जागा मात्र सापडली नाही, तिथे आता गाड्या उभ्या असतात. अण्णा म्हणाले, असू दे.

"खुबूस घेतलंस का?"

"घेते ना."

"केवढ्याला झालं आता?"

मी मुलाला विचारून भाव सांगितला. तिकडून थोडा वेळ आवाज आला नाही, नुसती पाठ दिसत होती. टेबलाच्या खणात काहीतरी शोधत होते.

"अण्णा, काय करताय?"

"थांब गं," म्हणाले. "पेन बघतोय."